इंटरनेटवरच्या नवलाच्या गोष्टी : शोधा, पारखा, जपून ठेवा

जुन्या पेटंटमधला विचित्र उंदीरसापळा, शंभर वर्षांपूर्वी जलरंगात रंगवलेली सफरचंदं, प्रयोगशाळेतल्या कॉफीच्या भांड्यावर रोखून ठेवलेला कॅमेरा. इंटरनेटवर अशा गोष्टींना तोटा नाही. सापडल्या की आपण खूश होतो आणि लिंक कुठंतरी टाकून ठेवतो. सहा महिन्यांनी कुणाला दाखवायला जावं तर ती लिंक मिळत नाही. मिळाली तर उघडत नाही. उघडलीच, तर त्यात विशेष काय होतं ते आठवत नाही.

प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असं आढळलं, की २०१३ साली वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उपलब्ध नव्हती. नुसत्या लिंका जमवणाऱ्याचा संग्रह या वेगानं झिजत असतो. म्हणून संग्रहातली एक ‘वस्तू’ म्हणजे चार गोष्टींचा संच धरायचा: मूळ पत्ता, आपल्याकडची प्रत, ती कुठून आली याची नोंद, आणि ती का ठेवली याचं एक वाक्य. हे शेवटचं वाक्य बहुतेक जण गाळतात. पुढं सगळ्यात जास्त गरज त्याचीच पडते.

आधी कप्पे ठरवा

‘जे जे मजेशीर वाटेल ते ते’ हा संग्रहाचा विषय होऊ शकत नाही. तसं केलं की बघता बघता हजारभर लिंका साचतात आणि त्यातली एकही परत उघडली जात नाही. सुरुवातीला तीन किंवा चार कप्पे घ्या, आणि ते नेमके असू द्या. ‘इतिहास’ हा कप्पा फार मोठा झाला. ‘फसलेली यंत्रं’, ‘चुकीचे नकाशे’, ‘बंद पडलेले व्यवसाय’, ‘नव्वदच्या दशकातल्या वैयक्तिक वेबसाइट’ हे कामाचे कप्पे. कप्पा नेमका असला की नजर तयार होते; भलतंच काही वाचत असतानाही त्यात बसणारी गोष्ट डोळ्यांत भरते. शिवाय ‘इतर’ असा एक कप्पा लागतोच. त्यात पन्नासेक नोंदी झाल्या की एकदा नीट चाळा, कारण पुढचा चांगला विषय बहुधा तिथंच दडलेला असतो.

शोधायचं कुठं

सोशल मीडियाच्या फीडमध्ये जे समोर येतं ते लाखो लोकांसमोर येऊन गेलेलं असतं. तिथं पोचेपर्यंत त्याचं मूळ नाव, साल, कर्ता हे सगळं वाटेत गळून पडलेलं असतं. फीड बघू नये असं नाही, पण तिथं दिसलेली गोष्ट म्हणजे फक्त सुगावा. खरा माल उगमाजवळ मिळतो.

पहिला उगम म्हणजे संग्रहालयं आणि ग्रंथालयं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं फेब्रुवारी २०१७ मध्ये सार्वजनिक मालकीच्या पावणेचार लाख कलाकृतींची छायाचित्रं कुणालाही वापरायला खुली केली. स्मिथसोनियन संस्थेनं फेब्रुवारी २०२० मध्ये २८ लाख प्रतिमा तशाच मोकळ्या केल्या. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत जीवशास्त्राची जुनी सचित्र पुस्तकं पानोपान स्कॅन केलेली आहेत. जुन्या नकाशांसाठी डेव्हिड रमझी संग्रह आणि जुन्या शैक्षणिक, औद्योगिक आणि जाहिरातपटांसाठी इंटरनेट आर्काइव्हवरचा प्रेलिंगर संग्रह, या दोन ठिकाणी दिवस कसा जातो ते कळत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यानं १८८६ ते १९४२ या काळात चित्रकारांकडून फळांची जलरंगातली चित्रं काढून घेतली. ती साडेसात हजारांहून जास्त आहेत आणि सगळी ऑनलाइन आहेत. किडलेली, कापलेली, डाग पडलेली फळंही त्यांत तितक्याच निगुतीनं रंगवलेली आहेत.

अशा संग्रहांत शोधताना आपल्या मनातले शब्द वापरून उपयोग होत नाही, सूची करणाऱ्यांचे शब्द वापरावे लागतात. ‘विचित्र’, ‘गमतीदार’ असं कोणताच सूचीकार लिहीत नाही. तो ‘नॉव्हेल्टी’, ‘स्पेसिमेन’, ‘प्रोटोटाइप’, ‘अनआयडेंटिफाइड’, ‘पर्पज अननोन’ असं लिहितो. हे शब्द त्या त्या स्पेलिंगसह टाका, वस्तूचा प्रकार किंवा साहित्य निवडा, आणि ‘ऑनलाइन प्रतिमा उपलब्ध’ या खुणेवर टिक करा. निकालांची पहिली दोन पानं सोडून पुढं जा. पुढच्या पानांवर फारसं कुणी गेलेलं नसतं.

दुसरा उगम म्हणजे पेटंट. गूगल पेटंट्सवर अमेरिकेची १७९० पासूनची पेटंटं चित्रांसह बघता येतात. इथं शब्दांनी शोधण्यापेक्षा वर्गीकरणाच्या क्रमांकानं शोधलेलं बरं, कारण जुन्या स्कॅनमधली अक्षरं यंत्राला नीट वाचता आलेली नसतात. प्राणी पकडण्याच्या सापळ्यांचा वर्ग ‘ए०१एम २३’ हा आहे. तो रोमन अक्षरांत टाकून तारखेची मर्यादा १९०० च्या आधीची लावली, की उंदीर पकडण्याच्या कल्पनांची रांगच समोर येते. एखादं मजेशीर पेटंट हाती लागलं की त्याच्या पानावरचा वर्गक्रमांक बघायचा आणि त्या वर्गात शिरायचं. एका धाग्यावरून अख्खं ठाण सापडतं.

तिसरा उगम तळटीपा. कोणत्याही लेखातली सगळ्यात अजब माहिती बहुतेक वेळा तळटीपेत ढकललेली असते. विकिपीडियावर ‘अनयूजुअल आर्टिकल्स’ नावाचं एक पान आहे, तिथं विक्षिप्त विषयांचे लेख एकत्र केलेले आहेत. त्यातला लेख वाचून थांबू नका. खाली संदर्भांची यादी बघा, आणि साधनांच्या यादीतल्या ‘व्हॉट लिंक्स हिअर’ वर टिचकी मारून त्या लेखाकडं आणखी कोण बोट दाखवतं तेही बघा.

सर्च इंजिनात शोधायचं तर नुसते शब्द टाकू नका. पुढच्या खुणा रोमन लिपीत लिहायच्या, कोलनच्या आधी वा नंतर जागा न सोडता:

साइट: आणि त्याला चिकटून पत्ता, म्हणजे त्याच वेबसाइटपुरता शोध. पत्त्याऐवजी फक्त डॉट एज्यु टाकलं तर शिक्षणसंस्थांची पानं मिळतात. प्राध्यापकांनी वीस वर्षांपूर्वी केलेली हौशी पानं याच वाटेनं सापडतात.
फाइलटाइप: आणि पीडीएफ. जुनी माहितीपत्रकं, यंत्रांच्या पुस्तिका, अंतर्गत अहवाल यांसाठी.
इनटायटल: म्हणजे शब्द शीर्षकातच हवा.
बिफोर: आणि आफ्टर:, पुढं वर्ष-महिना-दिवस. गूगलवर चालतं, पण पानाची तारीख गूगलला नेहमी बरोबर कळतेच असं नाही. वर्षभर इकडंतिकडं धरा.
दुहेरी अवतरणात वाक्यांश, आणि नको असलेल्या शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह. खरेदीची दुकानं आणि नुसती चित्रं चिकटवणाऱ्या वेबसाइट निकालात घुसत असतील तर त्यांची नावं अशीच वजा करा.

मोठी सर्च इंजिनं छोट्या, जुन्या, हातानं बांधलेल्या वेबसाइट खाली ढकलतात. त्यासाठी मार्जिनालिया आणि वायबी ही वेगळी शोधयंत्रं आहेत. ती मजकूरप्रधान आणि साध्या पानांना वर आणतात. एखादी चांगली वैयक्तिक वेबसाइट मिळाली की तिचं ‘लिंक्स’ हे पान आधी उघडा. त्या काळी लोक आपल्या आवडीच्या वेबसाइटची यादी आवर्जून देत. त्यातल्या निम्म्या लिंका मेलेल्या असतील, पण तेच पत्ते वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे इंटरनेट आर्काइव्हच्या जुन्या पानांच्या साठ्यात, टाकले की पुष्कळदा पानं जिवंत होतात. जिओसिटीज या मोफत वेबसाइट देणाऱ्या सेवेवरची वैयक्तिक पानं ऑक्टोबर २००९ मध्ये सेवा बंद झाल्यावर मूळ जागेवरून नाहीशी झाली, तरी त्यांतली बरीच तिथं बघता येतात.

जे लेखक किंवा संस्था सातत्यानं चांगलं देतात त्यांच्यासाठी आरएसएस वापरा, म्हणजे वेबसाइटवरच्या नव्या लेखांची यादी (फीड) आपोआप आपल्याकडं येते. फीडचा पत्ता दिसत नसेल तर वेबसाइटच्या पत्त्यापुढं तिरकी रेघ देऊन रोमनमध्ये ‘फीड’ किंवा ‘आरएसएस’ टाकून बघा. वर्डप्रेसवरच्या वेबसाइटना पहिला पर्याय बहुधा लागू पडतो. फीड वाचायच्या ॲपमध्ये दोन फोल्डर करा: रोज दहा नोंदी टाकणारे वेगळे, आणि महिन्यातून एकदा लिहिणारे वेगळे. एकत्र ठेवले की रोजचा लोंढा महिन्यातल्या त्या एका चांगल्या लेखाला गाडून टाकतो, आणि संग्रहाला खरं खाद्य तर त्या दुसऱ्या फोल्डरमधूनच मिळतं.

सापडलं की लगेच काय करायचं

या क्षणी फक्त तीन कामं करा: पत्ता साफ करा, एक वाक्य लिहा, ‘आवक’ नावाच्या एकाच ठिकाणी टाका. कप्पा, टॅग, तपासणी हे नंतर. वाचता वाचता वर्गवारी करायला बसलं की वाचनही तुटतं आणि नोंदही अर्धवट राहते.

पत्ता साफ करणं म्हणजे मागं लागलेलं शेपूट कापणं. प्रश्नचिन्हानंतर ‘यूटीएम’, ‘एफबीक्लिड’, ‘जीक्लिड’ असं काही दिसलं तर ते माग काढण्यासाठी चिकटवलेलं असतं, खुशाल काढा. मात्र प्रश्नचिन्हानंतरचं सगळंच कचरा समजू नका. अनेक जुन्या वेबसाइटवर पानाचा क्रमांक तिथंच असतो आणि तो काढला की मुखपृष्ठ उघडतं. कापलेला पत्ता प्रायव्हेट विंडोत उघडून बघा. तेच पान आलं तर ठीक. छोटे केलेले दुवे कधीच साठवू नका, ते उघडून शेवटी जिथं पोचतो तो पत्ता घ्या. मधली कंपनी सेवा बंद करते आणि मूळ पान शाबूत असूनही वाट तुटते. २०२५ मध्ये गूगलच्या जुन्या लघुदुव्यांपैकी वापरात नसलेल्या दुव्यांचं असंच झालं.

ग्रंथालयांच्या दर्शकात आणखी एक फसगत होते. पुस्तकाचं पान उघडल्यावर ॲड्रेस बारमध्ये दिसणारा पत्ता कधीकधी फक्त त्या भेटीपुरता असतो, दुसऱ्या दिवशी तो ‘सेशन संपलं’ असं सांगतो. पानावर ‘पर्मालिंक’, ‘साइट धिस आयटम’ किंवा ‘शेअर’ असं बटण शोधा आणि तिथला पत्ता घ्या. डीओआय, हँडल किंवा एआरके असा कायमचा ओळखक्रमांक असेल तर तोही उतरवून ठेवा; वेबसाइटची रचना बदलली तरी हे क्रमांक टिकावेत अशीच त्यांची योजना आहे. विकिपीडियाच्या लेखाचा पत्ता घेताना साधनांमधली ‘पर्मनंट लिंक’ वापरा, म्हणजे तुम्ही वाचलेलीच आवृत्ती राहते.

स्क्रीनशॉट हा आधार म्हणून चांगला, पण एकटा तो पुरत नाही. त्यात पत्ता नसतो, तारीख नसते, आणि मजकूर शोधता येत नाही.

नोंद कशी दिसावी

कॉफीच्या भांड्याचीच नोंद घेऊ.

शीर्षक: ट्रोजन रूम कॉफी पॉट
कर्ता किंवा संस्था: संगणक प्रयोगशाळा, केंब्रिज विद्यापीठ
काळ: १९९१, अंतर्गत नेटवर्कवर, नोव्हेंबर १९९३, वेबवर, २२ ऑगस्ट २००१, बंद
काय आहे: भांड्यात कॉफी शिल्लक आहे का हे जागेवरून कळावं म्हणून लावलेला कॅमेरा. १२८ बाय १२८ पिक्सेलचं करडं चित्र.
मूळ पत्ता: (साफ केलेला)
संग्रहित प्रत: (वेबॅकचा पत्ता, आणि आपल्याकडच्या फाइलचं नाव)
कुठून कळलं: (ज्या पानावरून किंवा ज्या व्यक्तीकडून)
नोंदीची तारीख: वर्ष-महिना-दिवस
खात्री: पक्की
हक्क: (पानावर लिहिलं असेल ते जसंच्या तसं)
का ठेवलं: पहिला वेबकॅम म्हणून जो ओळखला जातो, त्याच्यामागं उगीच जिने चढउतार करावी लागू नये एवढीच गरज होती.

यात काळाच्या रकान्यात तीन वर्षं आहेत, ते मुद्दाम. ‘१९९१ साली वेबवर आलेला कॅमेरा’ असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं. १९९१ मध्ये कॅमेरा होता, पण त्याचं चित्र फक्त प्रयोगशाळेच्या नेटवर्कवर दिसे. वेबवर ते दोन वर्षांनी आलं. एकच साल लिहिलं असतं तर ही गल्लत आपल्या संग्रहातही शिरली असती आणि पुढं आपल्याकडून दुसऱ्याकडं गेली असती.

शीर्षक आपल्या शब्दांत न लिहिता पानावर असेल तसं उतरवा. लिंक मेल्यावर शोध घ्यायला तेच कामी येतं. आपलं वर्णन ‘काय आहे’ मध्ये लिहा. ‘का ठेवलं’ मध्ये ‘भारी आहे’, ‘वाचनीय’ असलं काही लिहू नका. ज्या एका तपशिलामुळं थबकलात तो तपशील लिहा. ‘खात्री’ला तीनच पायऱ्या पुरतात: पक्की, बरीचशी, तपासायचं आहे. नवी नोंद नेहमी तिसऱ्या पायरीवर सुरू होते.

खरं की खोटं

नवलाची गोष्ट जितकी गोंडस, तितकी ती बनावट असण्याची शक्यता जास्त. तपासणीशिवायचा संग्रह लवकरच अफवांचं कोठार होतो, म्हणून या टप्प्यावर वेळ खर्च करायला कचरू नका.

चित्रापासून सुरुवात करा. टिनआय आणि गूगल लेन्स या चित्रावरून शोध घेणाऱ्या दोन्ही साधनांत टाकून बघा. टिनआयमध्ये ‘ओल्डेस्ट’ असा क्रम लावता येतो, पण ती तारीख त्या यंत्राला ते चित्र प्रथम आढळल्याची आहे, प्रसिद्धीची नाही. काहीच मिळालं नाही तर कडेचा मजकूर, चौकट, वॉटरमार्क कापून पुन्हा टाका. तरीही नाही, तर चित्र आडवं उलटवून टाका. पकड चुकवण्यासाठी आरशातली प्रतिमा पसरवण्याची युक्ती जुनी आहे. ‘१९०५ मधलं दुर्मिळ छायाचित्र’ असं लिहिलेलं असेल आणि कोणत्याही संग्रहालयाचा क्रमांक, छायाचित्रकार किंवा पुस्तक सापडत नसेल, तर ते एआयनं बनवलेलं असण्याची शक्यता आता पहिल्यांदा तपासायची. पाटीवरची अक्षरं, हातांची बोटं, यंत्राचे पट्टे कुठून कुठं जातात हे मोठं करून बघा. पण दिसण्यावरून निर्णय देऊ नका, नव्या प्रतिमांत या चुका कमी होत चालल्या आहेत. मूळ धारक संस्था सापडणं हाच भरवशाचा पुरावा.

मजकुराच्या बाबतीत सगळ्यात चकवणारा प्रकार म्हणजे गोल फिरणारा संदर्भ. २००८ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्यानं विकिपीडियावर कोआटी या प्राण्याच्या लेखात ‘याला ब्राझिलियन आर्डवार्क असंही म्हणतात’ हे मनचं वाक्य घुसवलं. ते तिथं राहिलं, वर्तमानपत्रांनी उचललं, पुस्तकातही गेलं. मग तीच छापील उदाहरणं विकिपीडियावरच्या वाक्याला आधार म्हणून दिली गेली. २०१४ मध्ये सगळा प्रकार उघड झाला. म्हणजे छापील संदर्भ होता, वजनदार होता, आणि तरी गोष्ट खोटी होती.

हा फास ओळखायचा एकच खात्रीचा मार्ग आहे, तारखांची तुलना. विकिपीडियाच्या लेखात ‘व्ह्यू हिस्टरी’ उघडा, विकिब्लेम या साधनात ते वाक्य टाका. कोणत्या दिवशी वाक्य आत आलं ते कळतं. आता दिलेल्या संदर्भाची प्रकाशनतारीख बघा. वाक्य आधीचं आणि संदर्भ नंतरचा, तर तो संदर्भ मोजू नका. मग गूगल बुक्स किंवा इंटरनेट आर्काइव्हच्या मजकूरशोधात, वाक्य घुसण्याच्या आधीच्या काळापुरती मर्यादा लावून तोच शब्दप्रयोग शोधा. तिथं तो नसेल तर संशय पक्का. गूगल बुक्समध्ये नियतकालिकांच्या तारखा कधीकधी चुकतात, अख्ख्या मालिकेला पहिल्या अंकाचं साल लागलेलं असतं; म्हणून पान उघडून छापलेली तारीख डोळ्यांनी बघा.

थोरांच्या तोंडी घातलेली अवतरणं तर मूळ ग्रंथ, पत्र किंवा भाषण आणि त्याचं पान सापडल्याशिवाय संग्रहात घेऊच नयेत. गोष्ट खोटी निघाली तर मात्र नोंद पुसू नका. ‘खात्री’च्या जागी ‘बनावट’ लिहा आणि कशावरून ते एका ओळीत द्या. चांगल्या बनावट गोष्टींचाही एक उत्तम कप्पा होतो, आणि तीच गोष्ट पुन्हा समोर आली की तपासणी पुन्हा करावी लागत नाही.

प्रत ठेवणं

दोन प्रती हव्यात, एक सार्वजनिक आणि एक आपल्या डिस्कवर.

सार्वजनिक प्रतीसाठी वेबॅक मशीनमधलं ‘सेव्ह पेज नाऊ’. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून पानं साठवते आहे आणि २००१ पासून ती सगळ्यांना बघता येतात. पत्ता टाकला की थोड्या वेळात प्रत तयार होते. तिच्या पत्त्यात चौदा आकडे असतात: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. म्हणजे २०२४०३१५०९३००० हे १५ मार्च २०२४, साडेनऊ वाजता, आणि ही वेळ यूटीसीतली, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली असते.

प्रत झाली की लगेच उघडून बघा. लॉगिन लागणाऱ्या पानाची प्रत म्हणजे नुसता लॉगिनचा चौकोन असतो. काही ठिकाणी फक्त कुकीजची परवानगी मागणारी पट्टी साठते. खाली सरकवल्यावर चित्रं येतात अशा पानांत चित्रांच्या जागा रिकाम्या राहतात. शिवाय वेबसाइटचा मालक सांगून प्रती काढायलाही लावू शकतो. आणि एक सावधगिरी: इथं टाकलेलं सगळं जगाला दिसतं, तेव्हा कुणी तुमच्यापुरता दिलेला फाइलचा दुवा किंवा ज्यात तुमचा टोकन (लॉगिनची गुप्त खूण) आहे असा पत्ता इथं कधीही देऊ नका.

डिस्कवरच्या प्रतीसाठी सिंगलफाइल हे ब्राउझर एक्स्टेन्शन उत्तम. चित्रं, रचना, मजकूर सगळं एकाच एचटीएमएल फाइलीत येतं. आधी पान अगदी तळापर्यंत सावकाश सरकवा, ‘आणखी वाचा’ अशी बटणं उघडा, मग सेव्ह करा. ब्राउझरच्या ‘सेव्ह ॲज’ मधला ‘कम्प्लीट’ पर्याय टाळा. त्यात फाइल आणि तिचं फोल्डर वेगवेगळं तयार होतं, आणि एक हलवताना दुसरं मागं राहतं. पीडीएफ वाचायला सोयीची, पण मोठे तक्ते पानांत तुटतात आणि हलती चित्रं गोठतात. जिथं टिचक्या मारत फिरावं लागतं अशी नकाशे किंवा खेळांची पानं साठवायची असतील तर वेबरेकॉर्डरचं आर्काइव्हवेब डॉट पेज वापरा. तुम्ही जिथं जिथं फिराल ते सगळं त्यात उतरतं.

चित्र घेताना पानावर दिसणारी लहान आवृत्ती उजव्या टिचकीनं उचलू नका. डाउनलोडचं बटण शोधून मोठी फाइल घ्या आणि तिथल्या तिथं नाव द्या: साल_कर्ता_विषय_संस्था_क्रमांक. ‘इमेज (३७)’ नावाची फाइल वर्षभरानं अनाथ होते.

व्हिडिओंच्या बाबतीत यूट्यूबच्या प्लेलिस्टवर विसंबू नका. व्हिडिओ काढला गेला की यादीत नुसतं ‘डिलीटेड व्हिडिओ’ उरतं, काय होतं तेही कळत नाही. शीर्षक, चॅनेल, प्रसिद्धीची तारीख, लांबी आणि महत्त्वाचा क्षण मिनिट-सेकंदांत नोंदीत लिहा. शीर्षक आणि चॅनेल हाती असलं तर दुसरी प्रत पुष्कळदा मिळते.

साठवण

पहिल्या दोनशे नोंदींसाठी एक स्प्रेडशीट आणि एक फोल्डर यापलीकडं काही लागत नाही. वर दाखवलेली नोंद म्हणजेच रकाने. पुढं संग्रह वाढला, तर कागदपत्रं आणि पुस्तकं जास्त असणाऱ्यांनी झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरकडं जावं. ते मोफत आहे आणि पानाची प्रत व तपशील एकत्र ठेवतं. लांब टिपणं लिहिणाऱ्यांनी साध्या मजकूरफायली आणि त्यांवर चालणारं ऑब्सिडियन हे टिपणांचं ॲप घ्यावं.

सेवा निवडताना तिच्या गुणांआधी एक प्रश्न विचारा: सगळं बाहेर काढता येतं का, आणि कोणत्या स्वरूपात? फीड वाचायची गूगल रीडर ही सेवा १ जुलै २०१३ ला बंद झाली. ज्यांनी ओपीएमएल (फीडच्या यादीची) फाइल काढून घेतली होती त्यांच्या फीडच्या याद्या वाचल्या. वाचण्यासाठी लिंका जपून ठेवणारी पॉकेट ही सेवा मोझिलानं जुलै २०२५ मध्ये बंद केली. अशा सेवा बाहेर काढून देतात ती बहुधा लिंकांची यादी असते, लेखांचा मजकूर नव्हे. म्हणून आजच एकदा निर्यात करून ती फाइल उघडून बघा, तुमची टिपणं तीत आहेत का ते तपासा, आणि दर तीन महिन्यांनी हे करा.

टॅग तीसच्या आत ठेवा आणि त्यांची यादी शीटच्या दुसऱ्या पानावर लिहून ठेवा. नाहीतर ‘नकाशा’, ‘नकाशे’ आणि ‘मॅप’ असे तीन टॅग तयार होतात आणि तिन्हींत अर्धवट माल राहतो. अख्ख्या संग्रहाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, त्यांतली एक घराबाहेर.

आठवड्यातून एकदा अर्धा तास ‘आवक’ चाळा. जिथं एक वाक्य लिहिलेलं नाही आणि आता सुचतही नाही, ती नोंद काढून टाका. दहातल्या तीन टिकल्या तर आवक चांगली चालली आहे असं समजा.

दुसऱ्यांना दाखवताना

कर्त्याचं नाव आधी, मग धारक संस्था, मग मूळ पत्ता, आणि ज्यानं तुम्हाला दाखवलं त्याचा उल्लेख. क्रिएटिव्ह कॉमन्सचा (सीसी) ‘सीसी झीरो’ हा परवाना असेल तर चित्र मोकळेपणानं वापरता येतं. सीसी बाय असेल तर श्रेय बंधनकारक. काहीच लिहिलेलं नसेल तर हक्क राखीव आहेत असं धरून फक्त लिंक द्या. दुसऱ्याच्या सर्व्हरवरचं चित्र थेट आपल्या पानात जोडू नका, छोट्या वेबसाइटवर त्याचा भार पडतो. आणि खासगी माणसानं चार ओळखीच्यांसाठी लिहिलेलं पान कितीही अजब असलं, तरी विचारल्याशिवाय गर्दीसमोर नेऊ नये.

वर्षातून एकदा लिंका तपासणं

लिंक तपासणारी साधनं ४०४ (‘पान सापडलं नाही’) देणारी पानं पकडतात, पण बाकीचे प्रकार त्यांच्या हातून निसटतात. पान काढून टाकून मुखपृष्ठाकडं वळवलेलं असतं. डोमेनची मुदत संपून तिथं जुगाराच्या जाहिराती आलेल्या असतात. पत्ता तोच, मजकूर बदललेला, असंही होतं. या सगळ्यांना साधन ‘ठीक’ म्हणतं. म्हणून आलेल्या पानाचं शीर्षक नोंदीतल्या शीर्षकाशी ताडून बघा.

पान हलवलेलं असेल तर आपल्या प्रतीतलं एखादं वेगळं आठ-दहा शब्दांचं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा. पुष्कळदा त्याच वेबसाइटवर नव्या पत्त्यावर ते सापडतं. नाही सापडलं तर वेबॅकच्या कॅलेंडरमध्ये जुना पत्ता टाका. निळा ठिपका म्हणजे पान नीट मिळालं होतं, हिरवा म्हणजे दुसरीकडं वळवलं गेलं, नारिंगी म्हणजे पान सापडलं नाही वा अडवलं, लाल म्हणजे सर्व्हरची अडचण. सगळ्यात अलीकडचा ठिपका घेऊ नका, तुमच्या नोंदीच्या तारखेला जवळचा निळा ठिपका घ्या. वेबॅकमध्ये पानांच्या आतला मजकूर शोधता येत नाही, पत्ता हाताशी लागतोच. त्यामुळं मेलेला पत्ताही नोंदीतून कधी पुसू नका. त्यापुढं ‘बंद’ आणि तारीख लिहा, आणि खालच्या ओळीत नवा पत्ता जोडा.